सॅगिनॉ उपसागरातील वॉलाय मासा: त्याची पकड व पाकक्रिया

अमेरिकेतील मिशिगन राज्याचा दक्षिणेकडील भूभाग नकाशावर हातमोज्यासारखा दिसतो. त्या हातमोज्याचा अंगठा आणि बोटे यांच्या बेचक्यात ह्यूरन सरोवराचे पाणी नैर्ऋत्येकडे आत शिरले आहे. हाच सॅगिनॉ उपसागर होय. त्याचा आतील भाग उथळ असून त्याची सरासरी खोली पंधरा फुटांच्या आसपास आहे. बाहेरील भाग मात्र पुष्कळ खोल व थंड आहे. उथळ, कोमट आणि काहीसे गढूळ पाणी ज्या माशास मानवते, त्या वॉलाय माशाची या उपसागरातील वस्ती आज पंचमहासरोवरांतील मोठ्या वस्त्यांपैकी एक गणली जाते. असे असूनही उपसागराकाठच्या एखाद्या उपाहारगृहात शिरून वॉलाय मागविला, तर ताटात येणारा मासा बहुधा कॅनडातून आलेला असतो. या विसंगतीचा उलगडा झाला म्हणजे वॉलाय धरणे व रांधणे ही दोन्ही कामे येथे एकाच माणसाकडे का राहिली, हेही कळते.

वॉलाय हा पर्च कुलातील मासा असून त्याचे शास्त्रीय नाव सँडर विट्रियस असे आहे. 'विट्रियस' म्हणजे काचेसारखा; हे विशेषण त्याच्या डोळ्यास उद्देशून आहे. इंग्रजी नावातील 'वॉल' या अवयवाचा भिंतीशी काही संबंध नाही. फिकट, पांढुरक्या डोळ्यासाठी असलेल्या एका जुन्या स्कँडिनेव्हियन शब्दाचा तो अपभ्रंश आहे. या डोळ्याच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. त्यामुळे अंधुक प्रकाशाचा प्रत्येक किरण माशाच्या उपयोगी दोनदा पडतो, आणि रात्री विजेरीचा झोत टाकला असता डोळे मांजराप्रमाणे चमकतात. कोकणातील वाचकास जिताड्याच्या चमकत्या डोळ्यांची येथे आठवण होईल. परंतु ते दोन मासे भिन्न कुलांतील आहेत.

वॉलाय धरण्याची सारी विद्या या डोळ्यात साठलेली आहे असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. पर्चसारख्या भक्ष्याची दृष्टी जेव्हा मंदावते, तेव्हा वॉलायची शाबूत असते. म्हणून पहाट, तिन्हीसांज आणि रात्र या त्याच्या शिकारीच्या वेळा. लख्ख उन्हात तो खोलात वा शेवाळाच्या आडोशास जातो. मात्र वारा सुटून पाण्यावर बारीक लाटा उठल्या, की प्रकाश विखुरतो आणि भर दुपारीही मासा भक्ष्यावर येतो. यास्तव अन्यत्र नावाड्यास नकोसा वाटणारा वारा येथील गळकऱ्यास, बेताचा असेल तर, हवासा वाटतो. 1990 नंतरच्या काळात झेब्रा शिंपल्यांनी उपसागराचे पाणी गाळून अधिक नितळ केले. पाणी नितळ झाले ही वार्ता सामान्यतः शुभ मानली जाते. वॉलायच्या दृष्टीने ती तितकीशी शुभ नाही.

उन्हाळ्यात होडी संथ गतीने, ताशी एकदीड मैलाच्या वेगाने, चालवून मागे गळ ओढत नेण्याची पद्धत रूढ आहे. दोरीवर फिरणारे चकाकते पाते, त्यामागे रंगीत मणी आणि दोन गळांवर लांब ओवलेले गांडूळ, अशी आमिषाची रचना असते. उभ्या गळाची पद्धत निराळी: शिशाचा गोळा ओतलेला गळ लहान मासोळी लावून तळाशी सोडावयाचा आणि मनगटाने हलकेच उचलून पुन्हा टेकवावयाचा. वॉलाय क्वचितच जोराने हिसका देतो. बहुधा गळाचे वजन किंचित वाढल्यासारखे भासते, इतकेच. नवशिक्या तेवढ्यात तळाचे शेवाळ अडकले असे समजून मासा घालवितो. हिवाळ्यात उपसागर गोठल्यावर बर्फात भोक पाडून हीच क्रिया केली जाते. तथापि, वाऱ्याने बर्फाचे मोठमोठे तुकडे किनाऱ्यापासून सुटून जातात व त्यांवरील माणसांची सुटका करावी लागते. तेव्हा हा खेळ निर्धोक मानू नये.

वसंतात बर्फ वितळताच वॉलाय टिटाबावासी आदी नद्यांत चढतात आणि खडीवर अंडी टाकतात. ते घरटे करीत नाहीत, अंड्यांची राखणही करीत नाहीत. अंडी खडकांच्या फटींत पडली तर वाचतात, गाळात पडली तर गुदमरतात. उपसागराच्या विसाव्या शतकातील इतिहासाचे मर्म या एका वाक्यात आहे. जंगलतोड, शेतीतून वाहून आलेली माती आणि शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणी यांनी खडकाळ तळ झाकला गेला. 1942 मध्ये येथील व्यावसायिक पकड सुमारे 20 लाख पौंडांपर्यंत पोहोचली होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत ती कोसळली. पुढे व्यावसायिकांना वॉलाय धरण्यास बंदी झाली, आणि ती आजतागायत उठलेली नाही. हौशी गळकऱ्याने धरलेला मासा विकणेही कायद्याने निषिद्ध आहे. अर्थात् सॅगिनॉचा वॉलाय बाजारात येण्याचा मार्गच उरलेला नाही. ज्यास तो खावयाचा असेल, त्याने तो स्वतः धरावा, किंवा धरणाऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जावे.

1972 च्या जलशुद्धी कायद्यानंतर पाणी सुधारले आणि त्या दशकाच्या अखेरीपासून वॉलायची बोटुकली सोडण्यात येऊ लागली. परंतु खरे वळण आले ते 2003 च्या सुमारास. एलवाइफ हा अटलांटिकमधून आलेला परका मासा वॉलायची नवजात पिले खात असे. त्याची संख्या ह्यूरन सरोवरात अकस्मात् ढासळली आणि वॉलायची नैसर्गिक पैदास जोमाने वाढली. 2006 मध्ये बोटुकली सोडणे थांबविण्यात आले आणि 2009 मध्ये पुनरुज्जीवनाचे ठरविलेले उद्दिष्ट साध्य झाले. येथवरची कथा सुखान्त वाटते. पण एलवाइफ गेल्यावर भुकेला वॉलाय पिवळ्या पर्चच्या पिलांकडे वळला, आणि पर्चवर उपजीविका करणारे जे थोडे कोळी उरले होते, त्यांच्या जाळ्यांत पर्च कमी व सोडून द्यावा लागणारा वॉलाय अधिक येऊ लागला. 2015 मध्ये हौशी मासेमारांसाठी वॉलायची दैनिक मर्यादा पाचावरून आठवर नेण्यात आली, किमान लांबी 15 इंचांवरून 13 इंचांवर आणण्यात आली, आणि पर्चची मर्यादा 50 वरून 25 करण्यात आली. म्हणजे वॉलाय अधिक खावा, हेच एका अर्थी शासकीय धोरण ठरले. 2018 पासून सिस्को हा मूळचा भक्ष्यमासा उपसागरात पुन्हा सोडण्यात येऊ लागला, त्यामागे इतर हेतूंबरोबर पर्चवरील हा भार हलका व्हावा अशीही अपेक्षा आहे.

वॉलायचे मांस पांढरे, घट्ट, अल्प चरबीचे आणि चवीने सौम्य असते. मासा धरल्याबरोबर बर्फात ठेवावा. पाण्यात लोंबकळत ठेवलेला मासा उन्हाळ्यात लवकर नरम पडतो. कल्ल्यामागे आडवा छेद देऊन सुरी कण्याला घासत शेपटीपर्यंत न्यावी, बरगड्या उतरवाव्यात आणि पट्टी उलटी ठेवून कातडे सोडवावे. पट्टीच्या मध्यरेषेत पुढील बाजूस बारीक काट्यांची एक ओळ उरते. तिच्या दोन्ही अंगांस चिरून ती ओढून काढता येते. गालांतील दोन वाटोळे तुकडे जाणते लोक टाकीत नाहीत. पट्ट्या कोरड्या टिपून, मीठमिरी लावलेल्या पिठात, मग फेटलेल्या अंड्यात आणि शेवटी खारट बिस्किटांच्या चुऱ्यात घोळवून, सुमारे 190 अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात थोड्या थोड्या तळाव्यात. एकदम फार पट्ट्या टाकल्या की तेल थंडावते आणि आवरण तेल पिते. मांस काट्याने दाबताच पापुद्रे सुटू लागले, की ते शिजले. त्यापुढील प्रत्येक मिनिट हानिकारक. सोबत लिंबू, बटाटे व कोबीची कोशिंबीर असते. जर्मन व पोलिश कॅथलिक वसाहतकऱ्यांमुळे शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या पंगती या भागात रुजल्या. तिखट मसाल्याची सवय असलेल्यास हा पदार्थ प्रथम अळणी वाटेल. पण भारी मसाल्याखाली या माशाचे जे काही वैशिष्ट्य आहे, तेच नाहीसे होते.

कातडे काढण्यामागे चवीपलीकडचे कारणही आहे. सॅगिनॉ व टिटाबावासी या नद्यांच्या गाळात जुन्या औद्योगिक काळातील पीसीबी व डायॉक्सिन ही द्रव्ये अद्याप आहेत आणि ती माशाच्या चरबीत साठतात. कातडे, पोटाकडील चरबी आणि मध्यरेषेवरील काळसर पट्टी काढून टाकल्यास त्यांचे प्रमाण घटते. पारा मात्र मांसातच असतो. तो सुरीने वा शिजवण्याने जात नाही. मासा जितका मोठा व वयस्क, तितका साठा अधिक. त्यामुळे राज्याचा आरोग्य विभाग माशाच्या आकारानुसार किती खावे याचे कोष्टक प्रसिद्ध करतो आणि गर्भवती स्त्रिया व मुले यांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे असे सांगतो. छायाचित्रासाठी मिरविला जाणारा मोठा मासा बहुधा अंडी देणारी वयस्क मादी असते. जाणते गळकरी तिला पाण्यात परत सोडतात आणि पंधरा-अठरा इंचांचे मासे तव्यासाठी नेतात. मात्र तीस-चाळीस फूट खोलीवरून वेगाने वर ओढलेल्या माशाचा वाताशय फुगलेला असतो व सोडल्यावर तो पुष्कळदा जगत नाही. त्या खोलीवर मर्यादेइतके मासे मिळाले की गळ गुंडाळून किनारा गाठण्याची रीत आहे.