घामाचा हिशेब : भाग ९ – फुलं घरची, घामही घरचा

झारीनं पाणी घालणं हा व्यायाम नाही. बागकामाचं कौतुक करायला बसल्यावर पहिलंच वाक्य असं लिहिणं बरं दिसत नाही, पण या लेखमालेचं नावच हिशेब आहे, तेव्हा खोटी जमा धरून चालणार नाही. स्वस्थ बसलेल्या शरीराला जेवढी ऊर्जा लागते ती १ मेट, हे माप आपण मागे पाहिलं. उभ्याउभ्या झाडांना पाणी घालताना जेमतेम दीड मेट खर्ची पडतात. साधारण बागकामाला पावणेचारच्या आसपास लागतात आणि माती खणायला घेतली की आकडा पाचाच्या घरात जातो. तीन ते सहा मेट म्हणजे मध्यम व्यायाम, झपाझप चालण्याच्या पंक्तीतला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटं सांगितली, ती याच प्रतीच्या श्रमाची. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काहीतरी करा, असंही सांगितलं.

ही दुसरी अट चालायला जाणारे बहुतेक जण विसरतात. फुलझाडांच्या कामात मात्र ती आपसूक पुरी होते.

सध्या पाऊस ओसरलाय, दसऱ्याचा झेंडू उतरलाय आणि गुलाबाची छाटणी अंगावर आली आहे. बारा इंची कुंडीतला एक गुलाब घ्या. पावसात त्याच्या फांद्या नुसत्या उंच गेलेल्या असतात. वाळकी, रोगट आणि काडीसारखी किडकिडीत फांदी मुळापासून काढायची. उरलेल्या जाड फांद्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरक्या कापायच्या. सिकेटर दहा-पंधरा वेळा दाबलं की अंगठ्याच्या बुडाशी आणि कोपराखाली ओढ जाणवते. मग खुरप्यानं वरची माती हलवायची, मुळं न दुखवता. माती बदलायची असेल तर काम आणखी वाढतं. कुंडी आडवी करायची, काठावर थापट्या मारून गड्डा सैल करायचा, जुनी माती गोणपाटावर पसरायची, ढेकळं हातानं फोडायची, शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळून पुन्हा भरायची. हे सगळं उकिडवं बसून. मध्ये पाणी आणायला उठायचं, पुन्हा बसायचं. चार कुंड्या झाल्या की मांड्या बोलायला लागतात. छाटणीनंतर साधारण दीड महिन्यानं फुलं येतात, ही वर कमाई.

उकिडवं बसण्याबद्दल थोडं अधिक. आपल्याकडे भाकरी थापण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळं जमिनीवर चालायचं. ओटा आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला. गुडघ्यांची सोय झाली, पण जमिनीवरून उठण्याची सवय गेली. ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ गिल आराउजो यांच्या गटानं ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना शक्य तितका कमी आधार घेऊन जमिनीवर बसायला आणि उठायला सांगितलं. ज्यांना हाता-गुडघ्यांचा आधार जास्त लागला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. उठाबशा काढल्या की आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नव्हे. पण पायातलं बळ, तोल आणि सांध्यांचा लवचीकपणा टिकलाय की नाही, हे त्या एका हालचालीत कळतं. कुंड्यांमध्ये बसणारा माणूस ती हालचाल मोजल्याशिवाय करत राहतो.

वजन उतरवण्याचा मनसुबा असेल तर आधीच सावध करतो. साठ किलो वजनाच्या माणसानं अर्धा तास बागकाम केलं तर सुमारे ११५ कॅलरी जातात, म्हणजे फार तर एका पोळीएवढ्या. खरा फायदा सातत्याचा. आणि फुलझाड सातत्य वसूल करून घेतं. झेंडू, शेवंती यांची सुकलेली फुलं खुडली नाहीत तर झाडाचा जोर बी धरण्यात जातो आणि नव्या कळ्या रोडावतात. मोगऱ्याचं पाणी थंडीत तोडून डिसेंबर-जानेवारीत छाटणी केली नाही, तर उन्हाळ्यात नुसती पानं बघत बसावं लागतं. चालायला जायचा कंटाळा उद्यावर ढकलता येतो, हे ढकलता येत नाही.

आता बंगल्यातल्या मंडळींसाठी एक कडू गोष्ट. आठवड्यातून दोनदा माळी येतो, खणतो, छाटतो, कुंड्या हलवतो. मालक सकाळी देवासाठी जास्वंद तोडतात आणि ‘आमचं बागकाम चालू असतं’ म्हणतात. तिथं व्यायाम माळ्याला होतो. दोन खोल्यांच्या घरात गॅलरीत आठ कुंड्या स्वतः सांभाळणारा माणूस या हिशेबात पुढे आहे.

पथ्यंही आहेत. ओल्या मातीनं भरलेली बारा इंची कुंडी सहज वीस किलोच्या वर जाते. ती कमरेत वाकून उचलू नका. गोणपाटावर घेऊन ओढा, किंवा माती भरतानाच कोकोपीट मिसळून हलकी ठेवा. गुडघे खरोखर दुखत असतील तर बुटका मोडा घ्या, किंवा कुंडीच टेबलावर घ्या. खुरपं एकाच हातात धरून बसू नका. काटा लागतोच, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. हृदयाचा किंवा हर्नियाचा त्रास असलेल्यांनी खणण्याआधी डॉक्टरांना विचारावं. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा ओतून घासाव्यात, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. ऑक्टोबरची दुपार टाळा, काम सकाळी उरका.

बाग नसेल तर या रविवारी एकच कुंडी आणा, माती स्वतः कालवा आणि शेवंतीचं रोप लावा. सोमवारी मांड्या दुखल्या तर घाबरू नका, बुधवारपर्यंत उतरतं. पुढच्या आठवड्यात सायकलचा हिशेब मांडू.