चव्हाट्यावरील धर्मोपदेश

नवापूरच्या आठवड्याच्या बाजारांत पाहिलेल्या एका प्रसंगानें आजच्या भाषणास आरंभ करतों. एक ख्रिस्ती उपदेशक डफावर दोन पदें म्हणून मावची बोलींत येशूची गोष्ट सांगत होता. भोंवतीं वीस-पंचवीस माणसें उभीं होतीं. बहुतेक बाजारास आलेलीं गावीत व भिल्ल कुटुंबें. इतक्यांत कांहीं तरुण गर्दींत शिरले. एकानें डफ हिसकावून फोडला, दुसऱ्यानें पुस्तिका गटारांत भिरकावल्या, तिसऱ्यानें उपदेशकाच्या मुस्काटांत मारली. त्या तरुणांपैकीं एक माझाच जुना विद्यार्थी होता. मला पाहून त्यानें आदरानें नमस्कार केला! मी भाजीची पिशवी उचलली आणि मुकाट्यानें घरीं आलों. जन्मभर वर्गांत बोललों. त्या दिवशीं मात्र तोंडून शब्द फुटला नाहीं. ती टोंचणी अद्याप गेलेली नाहीं.

चव्हाट्यावर धर्म सांगणें ही आपल्याकडे परकी चाल नव्हे. कीर्तनकार, वासुदेव, गोंधळी, फकीर हे सारे रस्त्यावरचेच उपदेशक. आणि सांगणाऱ्याचा छळ हीहि गोष्ट नवी नव्हे. आपल्या संतांच्या चरित्रांत तिचीं उदाहरणें थोडीं नाहींत. छळणारे नेहमीं एकाच धर्माचे असतात असेंहि नाहीं. गोव्यांत १५६० सालीं स्थापन झालेलें इन्क्विझिशन १८१२ सालीं कायमचें बंद झालें. तेथें छळ करणारी सत्ता ख्रिस्ती होती. त्याच्या पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८१३ सालीं, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, तेव्हां त्यांना परत धाडण्याचा हुकूम काढणारें कंपनी सरकारहि ख्रिस्तीच होतें! व्यापाराला अशांतता नको, एवढाच त्या सरकारचा धर्म. पुढें परवानगी मिळाली, हॉल मराठी शिकले, मुंबईच्या रस्त्यांतून व देवळांपाशीं बोलूं लागले, आणि १८२६ सालीं नाशिकच्या बाजूस दौऱ्यावर असतां पटकीनें वारले.

या उपदेशास उत्तर कसें द्यावें, याचे दोन धडे मुंबईनेंच घालून दिले आहेत. पहिला १८४३ सालचा. नारायण शेषाद्री यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. प्रकरण न्यायालयांत गेलें. मुलगा अज्ञान म्हणून बापाच्या ताब्यांत देण्यांत आला. परंतु मिशनऱ्यांच्या घरीं जेवल्यामुळें त्याला जातींत घेण्यास सनातनी मंडळी तयार होईनात. बाळशास्त्री जांभेकर यांनीं प्रायश्चित्ताचा पक्ष धरला, तर खुद्द त्यांच्यावरच रोष ओढवला. ज्या मुलावरून एवढें रण माजलें, त्याच्या मनांत काय होतें हें विचारण्याची गरज थोड्यांनाच वाटली असावी.

दुसरा धडा १८५७ सालचा. जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी मुंबईच्या समुद्रकिनारीं समोरासमोर वाद करीत. श्रोत्यांची गर्दी जमे. प्रश्न होत, उत्तरें होत. पुढें दोन्ही बाजूंनीं त्या वादाचीं पुस्तकें छापलीं. शब्दाला शब्द भेटला आणि निर्णय ऐकणाऱ्यावर सोडला गेला. माझ्या मतें हीच खरी रीत.

छळ रस्त्यावरच संपतो असें मात्र समजूं नये. तो घरांत शिरतो. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, आणि पुढें कित्येक वर्षें पतिपत्नींना एकमेकांपासून दूर राहावें लागलें. लक्ष्मीबाईंनीं १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. त्या काळाची सारी घालमेल त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत आहे. टिळकांनीं आपला धर्म अभंग व कीर्तन यांच्या द्वारें सांगितला, परदेशी थाटानें नव्हे. लोकांनीं तो ऐकला. पटला नाहीं त्यांनींहि कवितेवर प्रेम केलें.

आतां पुन्हां आपल्या नंदुरबारकडे येऊं. हा मुलूख पश्चिम खानदेशांत असतां तळोदे तालुक्यांत गुला महाराजांनीं आदिवासींना दारू सोडा, स्नान करा, स्वच्छ राहा असा उपदेश केला. हजारों माणसें जमूं लागलीं. १९३८ सालीं ते निवर्तल्यावर बंधु रामदास महाराज यांनीं तें कार्य चालविलें. १९४१ सालीं सरकारनें त्यांस जिल्ह्याबाहेर काढलें. ते कांहीं ख्रिस्ती उपदेशक नव्हते. तरीहि आदिवासींनीं एकत्र बसून कोणाचें तरी ऐकावें, याचीच धास्ती सत्तेला वाटली.

येथें खरी गोम आहे. थप्पड उपदेशकाला बसते, पण अपमान ऐकणाऱ्याचा होतो. ‘तुला कळत नाहीं, तुझ्यासाठीं आम्ही ठरवूं,’ असेंच त्याला सांगितलें जातें. आणि उपदेशकानें धान्याचें, औषधाचें, पैशाचें आमिष दाखविलें किंवा दुसऱ्याच्या देवाची टवाळी केली, तर त्यानेंहि तोच अपमान केला असें मी म्हणेन.

कायदाहि हा समतोल राखूं पाहतो. घटनेचें २५ वें कलम, सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांस बाध न येतां, धर्म पाळण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतें. दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क त्यांत येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं ठरविलें. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलांत आली. धार्मिक भावना बुद्ध्या दुखविणें हा तिच्या २९९ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. अर्थात् उपदेशकाची मर्यादा कायद्यानें आंखली आहे, आणि ती ओलांडली गेल्यास दाद मागण्याची जागा ठाणें व न्यायालय ही आहे. डफ फोडण्याचा अधिकार मात्र कोणत्याहि कलमानें कोणाला दिलेला नाहीं.

ज्याला तो उपदेश नको त्यानें पुढें चालूं लागावें. ज्याला उत्तर द्यावयाचें त्यानें विष्णुबुवांप्रमाणें शेजारीं उभें राहून द्यावें. त्या दिवशीं डफ फुटल्यावर एक म्हातारी गावीत बाई गटारापाशीं वांकली, भिजलेली एक पुस्तिका उचलून तिनें पदरानें पुसली आणि उपदेशकाच्या हातीं दिली. ती ख्रिस्ती होती कीं नव्हती, मला ठाऊक नाहीं. तिला जें सुचलें, तें मला मास्तराला सुचलें नाहीं. पुन्हां तसा प्रसंग आला, तर हातांतली पिशवी खालीं ठेवून दोन शब्द बोलण्याचें बळ मला यावें, एवढीच इच्छा आहे.