लिआर्ड नदीकाठचे उष्ण झरे

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ऊन पाण्याच्या झऱ्यांचा (उन्हाळ्यांचा) समूह व त्याभोवतीचे संरक्षित अरण्य. प्रांताच्या उत्तर सीमेजवळ, सु. ५९° उ. अक्षांशावर, लिआर्ड नदीच्या खोऱ्यात हे झरे आहेत. अलास्का महामार्ग त्यांच्या अगदी जवळून जातो. आग्नेयीस फोर्ट नेल्सन हे गाव सु. ३१० किमी. व वायव्येस यूकॉन प्रदेशातील वॉटसन लेक सु. २१० किमी. अंतरावर असून या दोहोंमध्ये मोठी वस्ती नाही. १९५७ मध्ये झऱ्यांभोवतीचा भाग प्रांतिक उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ सु. १,०८२ हेक्टर आहे. उद्यानात तंबू ठोकून अथवा वाहनात राहून मुक्काम करण्यासाठी वृक्षांच्या सावलीत आखलेल्या जागा आहेत. अरण्यातील निवांत मुक्काम आणि नैसर्गिक ऊन पाण्यातील स्नान यांसाठी हे स्थळ उत्तर अमेरिकेत प्रसिद्ध आहे.

उष्ण झऱ्यांचा संबंध ज्वालामुखीशी जोडण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. परंतु लिआर्ड येथे जागृत ज्वालामुखी नाही. पर्वतउतारांवर पडलेले पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोल झिरपते, भूगर्भातील नैसर्गिक उष्णतेने तापते आणि विभंगाच्या वाटेने पुन्हा वर येते. भूकवचात दर किमी. खोलीस तापमान सामान्यतः २५° ते ३०° से.ने वाढते. या प्रदेशाचे वार्षिक सरासरी तापमान शून्याच्या आसपास आहे व झऱ्यांचे पाणी उगमाशी सु. ५२° से. असते. यावरून हे पाणी निदान पावणेदोन ते दोन किमी. खोलीपर्यंत जाऊन येत असले पाहिजे, असा ढोबळ हिशेब करता येतो. कोकणातील वज्रेश्वरी, उन्हवरे किंवा राजापूर येथील उन्हाळ्यांचे पाणीही साधारणपणे याच रीतीने तापते. तेथे मात्र पुष्कळ ठिकाणी पाणी बांधीव कुंडांत घेतलेले असून त्यांच्या शेजारी देवालये आहेत. लिआर्ड येथील मुख्य कुंडाला बांध, पायऱ्या व लाकडी बैठका आहेत, तथापि त्याचा तळ अजून गोट्यांचा व वाळूचाच आहे.

खडकांतून येताना पाण्यात चुनांश विरघळतो. पाणी उघड्यावर येताच त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो व कॅल्शियम कार्बोनेटाचे थर साचतात. अशा थरांच्या पायऱ्यापायऱ्यांवर वनस्पती वाढून बनलेला उतार ‘झुलत्या बागा’ या अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखला जातो. चुनखडीचा हा ठिसूळ थर पायाखाली सहज चुरतो, म्हणून त्यावर चढण्यास मनाई आहे.

झऱ्यांचे खरे वैशिष्ट्य पाण्याच्या उष्णतेपेक्षा त्या पाण्याच्या पुढील प्रवासात आहे. कॅनडातील बहुतेक उष्ण झरे जवळच्या नदीस किंवा ओढ्यास मिळून थोड्याच अंतरात थंड होतात. लिआर्डचे पाणी मात्र थेट नदीत न जाता अरण्यातील पाणथळीत पसरते. हिवाळ्यात हवेचे तापमान शून्याखाली ३०° से. पेक्षाही उतरते, तेव्हादेखील ही दलदल गोठत नाही. तिच्यावर तरंगणारे धुके भोवतालच्या स्प्रूस वृक्षांवर हिमकणांच्या रूपाने साचते. उद्यानात उत्तरेकडील सूचिपर्णी वनांतील २५० हून अधिक जातींच्या वनस्पती नोंदल्या गेल्या असून त्यांपैकी १४ जाती केवळ झऱ्यांच्या उबेमुळे येथे तग धरून आहेत. पुरुषभर उंचीचे नेचे व रुंद पानांची काऊ पार्स्निप ही झुडूपवजा वनस्पती पाहून नवख्या प्रवाशास आपण अक्षांश चुकलो की काय, असे वाटते. पूर्वी या जागेस ‘उष्णकटिबंधीय दरी’ असे नाव पडले होते व तिच्याविषयी नाना अद्भुत कथा प्रचलित होत्या. कथा अर्थातच खोट्या होत्या, पण हिरवीगार झाडी पाहून थक्क झालेल्या माणसाने त्या रचल्या असतील, तर त्याला फार दोष देता येत नाही.

पाणथळीत मूस हे मोठे हरिण जलवनस्पती खाण्यासाठी येते. लेक चब हा लहान मासा ऊन पाण्यात राहतो. सर्वांत महत्त्वाचा रहिवासी मात्र सहज नजरेस पडत नाही. फायसेला राइटाय ही एक सेंमी.पेक्षाही लहान गोगलगाय जगात केवळ याच झऱ्यांच्या पाण्यात आढळते. तिचे शास्त्रीय वर्णन १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या कुलातील इतर गोगलगायींप्रमाणे तिचा शंख डावखुरा, म्हणजे डाव्या बाजूस तोंड असलेला असतो. ती पाण्यात राहत असली, तरी श्वासोच्छ्‌वास हवेत करते. म्हणून ती पाणी व हवा यांच्या सीमेवर, काठावरील शैवलाच्या व ओल्या लाकडांच्या आधाराने राहते. पाण्याची पातळी एकाएकी उतरली तर ती कोरडी पडते व चढली तर वाहून जाते. हा सर्व प्रदेश अखेरच्या हिमयुगात बर्फाखाली होता. तेव्हा ती येथे आली किंवा येथे वेगळी झाली ती बर्फ हटल्यानंतरच. कॅनडाच्या वन्यजीवविषयक तज्ञ समितीने १९९८ मध्ये तिची गणना संकटग्रस्त जातींत केली. स्नानार्थींच्या अंगावरील साबण, तेल, कीटकरोधक मलम आणि कुंडाच्या बांधाशी होणारी ढवळाढवळ यांपासून तिला मुख्य धोका संभवतो. ज्या प्रवाहात माणसे अंग शेकतात, त्याच प्रवाहाच्या खालच्या काठाशी एका प्राणिजातीचे सारे जग सामावलेले आहे. साबण व शांपू यांवरील बंदी आणि बांधातील दगड न हलविण्याची सूचना यांचे कारण हेच होय.

कास्का देने या मूळ रहिवाशांना हे झरे फार पूर्वीपासून माहीत होते. हडसन्स बे कंपनीचा अधिकारी रॉबर्ट कँबेल याने १८३५ मध्ये त्यांची नोंद केली. त्यानंतर शतकभर येथे येणारे लोक म्हणजे मुख्यतः फासे लावून जनावरे पकडणारे कातड्यांचे व्यापारी व सोने शोधणारे. ही स्थिती १९४२ मध्ये बदलली. पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्यानंतर (डिसेंबर १९४१) अलास्काशी खुष्कीचा मार्ग असणे अमेरिकेस निकडीचे वाटू लागले आणि मार्च १९४२ मध्ये सुरू झालेला महामार्ग त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात वाहतुकीस खुला झाला. त्यावर दहा हजारांहून अधिक सैनिक खपत होते. चिखल, डास व थंडी यांनी गांजलेल्या या सैनिकांना लिआर्डचे ऊन पाणी म्हणजे पर्वणीच होती. दलदल ओलांडून झऱ्यांपर्यंत जाण्यासाठी त्यांनी फळ्यांची पायवाट बांधली. आजची सु. ७०० मी. लांबीची पायवाट तिचीच वारस होय. युद्धानंतर १९४८ मध्ये महामार्गावर नागरिकांच्या प्रवासास मोकळीक मिळाली आणि दुर्गम म्हणून सुरक्षित राहिलेले हे झरे लांब पल्ल्याच्या प्रवाशांचा हमखास थांबा बनले.

मुक्कामाचे स्थळ महामार्ग व झरे यांच्या दरम्यान आहे. तेथे वाहनासह उतरण्याच्या ५३ जागा असून प्रत्येक ठिकाणी मेज व चूल आहे. झाडीमुळे एक बिऱ्हाड दुसऱ्यास फारसे दिसत नाही. उपाहारगृह, बाजार, ध्वनिवर्धक असला पसारा नाही. जून महिन्यात येथे रात्र अशी फारशी होतच नाही. मध्यरात्रीही क्षितिजावर उजेड रेंगाळतो. ऑगस्ट अखेरपासून मात्र अंधार वाढतो व निरभ्र रात्री ध्रुवीय प्रकाश दिसण्याचा संभव असतो. जुलै व ऑगस्ट या महिन्यांत जागा लवकर भरतात, त्यामुळे संध्याकाळी पोचणाऱ्या प्रवाशास पुढची वाट धरावी लागते. खऱ्या शांततेची अपेक्षा असणाऱ्याने मे महिना किंवा सप्टेंबर निवडणे इष्ट; दिवसा थांबणारी वाहने निघून गेल्यावर, भल्या पहाटे कुंडावर गेल्यास भर हंगामातही पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येतो.

मुख्य कुंडास ‘अल्फा’ हे नाव आहे. उगमाच्या टोकाकडे पाणी सु. ५२° से. व दुसऱ्या टोकाकडे सु. ४२° से. असते. स्नानार्थीने थंड टोकाकडून उतरून, अंगास सोसेल तेवढेच उगमाकडे सरकावे. मानवी शरीराचे तापमान सु. ३७° से. असल्याने ४०° च्या वरील पाण्यात घामावाटे उष्णता बाहेर टाकण्याची शरीराची सोय निरुपयोगी ठरते. त्वचेखालील रक्तवाहिन्या प्रसरण पावून रक्तदाब उतरतो व एकदम उठून उभे राहिल्यास घेरी येऊ शकते. म्हणून एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक काळ पाण्यात बसू नये. हृद्‌रोगी, गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्या बाबतीत विशेष जपावे. मद्यपान करून उतरणे सर्वथा टाळावे. उबदार गोड्या पाण्यात काही प्रकारचे अमीबा वाढू शकतात व नाकावाटे ते मेंदूपर्यंत पोचल्यास होणारा रोग बहुधा प्राणघातक ठरतो. हा रोग अत्यंत विरळ असला, तरी कोणत्याही नैसर्गिक उष्ण झऱ्यात डोके न बुडविणे शहाणपणाचे आहे.

या अरण्यात माणसाचा खरा शेजारी अस्वल आहे. उबेमुळे येथे वसंत ऋतूत कोवळा पाला लवकर फुटतो आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात रानफळे विपुल येतात. काळी अस्वले व ग्रिझली अस्वले ही दोन्ही त्यांसाठी येतात आणि माणसांची गर्दीही नेमकी त्याच दिवसांत असते. ऑगस्ट १९९७ मध्ये वरच्या ‘बीटा’ कुंडाच्या वाटेवर एका काळ्या अस्वलाने एका स्त्रीवर हल्ला केला. तिला सोडविण्यास धावलेला पुरुष व ती स्त्री, दोघेही मृत्युमुखी पडले. आणखी दोघे जखमी झाले. शेवटी अस्वलास गोळी घालण्यात आली. काळे अस्वल भित्रे असते व ते केवळ पिलांच्या रक्षणासाठी अंगावर येते, हा समज या घटनेने खोटा ठरविला. स्टीव्हन हेरेरो व त्यांचे सहकारी यांनी १९०० ते २००९ या काळातील नोंदी तपासून २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, उत्तर अमेरिकेत रानातील काळ्या अस्वलांनी ६३ माणसे मारली होती. प्राणघातक हल्ल्यांपैकी सु. ८८ टक्के हल्ले भक्ष्य समजून केलेले होते व त्यांत बहुतेक वेळा एकटा नर गुंतलेला होता. एका शतकाहून अधिक काळाचा हा आकडा अल्पच म्हणावा लागेल. तथापि त्यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. चाल करून आलेल्या काळ्या अस्वलापुढे मेल्याचे सोंग घेणे हा उपाय नव्हे. एकत्र राहावे, आरडाओरड करावी, पाठ फिरवून पळू नये आणि हल्ला झालाच तर हाती लागेल त्या वस्तूने प्रतिकार करावा. पिलांच्या वा भक्ष्याच्या रक्षणासाठी अंगावर आलेल्या ग्रिझलीच्या बाबतीत मात्र पालथे पडून निश्चल राहण्याचा सल्ला दिला जातो. त्यामुळे दोन जाती ओळखता येणे आवश्यक ठरते. ग्रिझलीच्या खांद्यावर स्पष्ट उंचवटा असतो व चेहरा कपाळाखाली खोलगट दिसतो. रंगावर विसंबू नये. काळे अस्वल पुष्कळदा तपकिरी असते.

मुक्कामाच्या जागेभोवती आता विद्युत् कुंपण आहे. अरण्यात राहावयास यावे आणि कुंपणाआड झोपावे, याचे काहींना हसू येते. परंतु येथे पिंजरा कोणासाठी आहे याचा विचार केल्यास ही व्यवस्था अस्वलाच्या हिताची असल्याचे ध्यानात येते. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल सहसा सुधारत नाही व अखेर ते मारावे लागते. म्हणून धान्य, उरलेले अन्न, भांडी, दंतमंजन व सुवासिक द्रव्येदेखील तंबूत न ठेवता वाहनात बंद करावी, असा दंडक आहे. पाळीव कुत्र्यांना फळ्यांच्या वाटेवर व कुंडांकडे नेण्यास मनाई आहे. बीटा कुंड अस्वलांच्या वावरामुळे अनिश्चित काळासाठी बंद केलेले आहे. ते अल्फापेक्षा खोल व अधिक एकांतातले होते, त्यामुळे जुन्या प्रवाशांना त्याची हळहळ वाटते. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे, परंतु रानफळांनी भरलेल्या उतारावर रोज शेकडो माणसे पाठविणे आणि अस्वलांनी तिकडे फिरकू नये अशी अपेक्षा ठेवणे, या दोन गोष्टी एकत्र नांदणाऱ्या नव्हेत.

उद्यान वर्षभर उघडे असते. हिवाळ्यात सोयी कमी होतात व महामार्गावर बर्फ असते. वाटेत रस्त्याच्या कडेने चरणाऱ्या बायसनांचे कळपही आडवे येतात. कुंडात बसलेल्या माणसाचे केस वाफेने ओले होऊन तेथल्या तेथे गोठतात. अशा वेळी स्नान करण्यापेक्षा बाहेर पडणे कठीण असते. अंग कोरडे करून, लोकरीचे कपडे घालूनच परतीच्या ७०० मी. वाटेस लागावे. बाष्प गोठून फळ्यांवर बर्फाचा पातळ थर साचलेला असतो, त्यामुळे पायांत खडबडीत तळाचे जोडे व हाती दिवा हवा.