हलवू नका, फोटो येतोय

बाबांच्या कॅमेऱ्यातला ३६ फोटोंचा रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचा, ही आमच्या घरची शिस्त. एकदा रोल आत नीट अडकलाच नव्हता. आत्याच्या लग्नाचा एकही फोटो आला नाही. आत्या अजून टोमणे मारते.

फोटो लगेच का दिसत नाही, हे १९४३ साली सँटा फेमध्ये तीन वर्षांच्या जेनिफरने वडिलांना विचारलं. वडील म्हणजे पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड! १९४७ साली त्यांनी मिनिटभरात तयार होणारा फोटो न्यूयॉर्कमध्ये करून दाखवला. गंमत फोटोखालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत आहे. तिथे रसायनाची चिमुकली पिशवी असते. फोटो बाहेर येताना दोन रूळ ती फोडतात आणि लेप फोटोभर पसरतो.

२००८ साली पोलरॉइडने फिल्म बंद केली. नेदरलँड्समधल्या एन्शेडेचा कारखाना काही हट्टी माणसांनी वाचवला, फिल्म नव्याने घडवली. शहाणपणाचा धंदा नव्हे, पण बरं झालं.

परवा भाचीने तसाच झटपट फोटो देणारा कॅमेरा आणला. आत्याचा फोटो काढला. दुसरी प्रत नाही, म्हणून आत्याने तो थेट देव्हाऱ्याशेजारी ठेवला.

तुम्ही काढलात तर फोटो पंख्यासारखा हलवू नका. उजेडापासून दूर, पालथा ठेवा.