‘त्या गोळीनं पाय दुखतात’

“कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली नि पोटऱ्या दुखायला लागल्या. बंदच करून टाकली.” हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. परवा शेजारच्या काकांनी स्ट्रिप दाखवली. तीन गोळ्या घेतलेल्या, सात तशाच. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे.

कोलेस्टेरॉलच्या या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या अशाच 60 जणांवर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं चाचणी केली. प्रत्येकाला 12 बाटल्या, महिन्याला एक. चारांत अटोर्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन, चारांत हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. त्रासाला 0 ते 100 पैकी गुण द्यायचे, रोज, फोनवर. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी 8 गुण आले, स्टॅटिनच्या महिन्यांत 16.3 आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत 15.4! ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 2020 साली हे छापून आलं. गोळी घेतली की त्रास वाढायचा. आत औषध असो वा नसो.

“मनाचे खेळ आहेत” म्हणत पेशंटला वाटेला लावणारेही चुकतात. अपायाच्या धास्तीनं माणसाला खरोखर दुखतं. याला ‘नोसिबो’ म्हणतात. स्वतःचे गुण पाहिल्यावर त्या 60 पैकी 30 जणांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

60 माणसं कमी वाटतात? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं 2022 मध्ये 19 चाचण्यांमधल्या सुमारे 1 लाख 24 हजार लोकांचा हिशेब छापला. स्नायूंचं दुखणं वा अशक्तपणा स्टॅटिन घेणाऱ्यांत 27.1 टक्के, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 26.6. साठीत पाय दुखतातच, आणि ही गोळीही बहुतेकांना त्याच सुमारास लागते.

स्टॅटिननं स्नायूंना गंभीर इजा होते, पण फार क्वचित. अंगात त्राण उरलं नाही, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

औषधांच्या अपायाबद्दल आणखीही काही वाक्यं नेहमी कानावर येतात. “आयुर्वेदिक आहे, अपाय नाही.” गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली.

“औषधाबरोबरच्या कागदावरचे सगळे दुष्परिणाम मला होणार.” त्या यादीत क्वचित कुणाला झालेला त्रासही असतो.

“तक्रार करून काय होणार?” औषधाच्या त्रासाची नोंद पेशंटही करू शकतो, 1800-180-3024 हा सरकारी क्रमांक त्यासाठीच आहे.

काकांनी विचारलं, “मग आज रात्रीपासून घेऊ?” म्हटलं, “आधी ही स्ट्रिप डॉक्टरांना दाखवा, काका. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं. उद्या सकाळी मी येतो तुमच्याबरोबर.”