सातारा-सांगलीचा आकाशकंदील

दिवाळीत दारावर टांगल्या जाणाऱ्या आकाशकंदिलामागे आकाशदीपाचा जुना आचार आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्ये यांनी १७९०च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधू’त कार्तिक महिन्यात उंच खांबावर दिवा लावायला सांगितले आहे. हा दिवा विष्णूसाठी आणि पितरांसाठी. खांबाची जागा पुढे ओसरीने, मग गॅलरीने घेतली. पणतीभोवती कागद आला आणि पणती जाऊन विजेचा दिवा आला.

पारंपरिक कंदिलाचा सांगाडा मोठा देखणा असतो. सारख्या लांबीच्या २४ कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे आणि कोपऱ्याला कोपरा जोडायचा. मधले चार चौकोन टोकावर उभे राहतात आणि त्यांच्या वर-खाली आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. वरचा चौकोन हवेसाठी आणि खालचा दिवा बसवण्यासाठी उघडा ठेवून बाकीच्यांवर पतंगाचा कागद खळीने चिकटवतात. कामटी ओल्या बांबूची असली तर वाळताना वाकते आणि कागद सुरकुततो. पेर मध्ये आले तर ती तिथेच मोडते. म्हणून वाळलेला बांबू उभा फाडून सुरीने तासून घेतात. खळ पातळ झाली तर कागद भिजून फाटतो, घट्ट झाली तर गाठी उजेडात काळ्या दिसतात. कडांना कागदी करंज्या आणि खाली झिरमिळ्या लावल्या की कंदील पुरा होतो. साताऱ्यात मुलांनी अंगणात केलेल्या मातीच्या किल्ल्यावर त्याचा उजेड पडतो, तेव्हा दिवाळी आली असे वाटते.

या कंदिलावर मात्र देवादिकांचे चित्र नव्हते. पुराणकथा सातारा-सांगली भागात रंगल्या त्या गणेशोत्सवात. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीच्या वाटेवर मंडळांच्या भव्य स्वागत कमानी उभ्या राहतात. त्यांवर पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंग रंगवलेले असतात. चित्र दिसावे म्हणून त्यावर बाहेरून उजेड सोडतात. कंदिलात उजेड होता पण चित्र नव्हते, कमानीत चित्र होते पण उजेड बाहेरचा होता.

चीनमध्ये या दोन्ही गोष्टी फार पूर्वी एकत्र आल्या. चांद्रवर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या दीपोत्सवात ड्रॅगन, चंद्रावरची देवी छांग-अ, कथेतले वीर हेच कंदील होतात. सिच्वान प्रांतातील त्झकुंग शहर या कलेचे माहेरघर मानले जाते. तारेचा सांगाडा वेल्डिंग करून त्यावर रेशमी कापड ताणतात, कापडाचे तुकडे रंगानुसार जोडतात आणि आत एलईडी बसवतात. उजेड आकृतीच्या पोटातून येत असल्याने ड्रॅगनचा खवला न् खवला उजळतो.

आजचा मराठी कंदीलही त्या दिशेने निघाला आहे. साताऱ्याच्या राजवाडा परिसरात किंवा सांगलीच्या मारुती चौकात दिवाळीच्या बाजारात चांदणीशेजारी गणपती, लक्ष्मी, शिवराय, राजमुद्रा असलेले कंदील दिसतात. त्यांत दोन प्रकार आहेत. छापील चित्राच्या कंदिलात मागचा दिवा चेहऱ्यावरच पांढरा डाग पाडतो आणि चित्र फिके होते. लाकडी पातळ फळीवर लेझरने कोरलेल्या कंदिलात हीच अडचण गुण ठरते: उजेड कोरलेल्या फटींतून बाहेर पडतो आणि मूर्तीची सावली भिंतीवर उमटते. खरी नवी कला हीच. छापील प्रकाराला ते नाव देणे कठीण आहे.

चीनकडून आलेला एक वेगळाच प्रकार म्हणजे उडता कंदील. तिसऱ्या शतकातील मुत्सद्दी झुगे ल्यांग याच्याशी लोककथा त्याचा संबंध जोडते. तो ज्वाळेने तापलेल्या हवेवर तरंगतो, पण सोडल्यावर कुणाच्या ताब्यात राहत नाही. मुंबई पोलिसांनी त्यावर वेळोवेळी बंदी घातली आहे. साताऱ्याच्या डोंगरांवरचे वाळू लागलेले गवत आणि सांगलीकडच्या उसातले पाचट पाहता इथेही तो नकोच.

बांबूच्या कंदिलाचा असा धोका नाही. त्रिपुरी पौर्णिमेला कृष्णेच्या घाटांवर त्रिपुर पाजळून झाले की तो उतरवतात. कागद फाटला तरी सांगाडा माळ्यावर ठेवायचा आणि पुढच्या आश्विनात त्यावर नवा कागद लावायचा.