दोन-तृतीयांशांचे गणित : अमेरिकेतील नागरी हक्क आघाडीची कार्यपद्धती

लीडरशिप कॉन्फरन्स ऑन सिव्हिल राइट्स ही अमेरिकेतील नागरी हक्क संघटनांची शिखर आघाडी. ती १९५० साली उभी राहिली. देशभर विखुरलेल्या संघटनांची ताकद वॉशिंग्टनमध्ये एकवटायची आणि तिच्यातून कायदा घडवायचा, हे तिचे काम. १९५७ ते १९६८ या अकरा वर्षांत अमेरिकी संसदेने संमत केलेल्या नागरी हक्कांच्या प्रत्येक कायद्यामागे या आघाडीची आखणी होती. सेल्मा, बर्मिंगहॅम, मॉन्टगोमेरी ही नावे मराठी वाचकाला परिचयाची आहेत. मार्टिन ल्यूथर किंग तर आपल्या शालेय पुस्तकांतही भेटतात. संसदेच्या दालनांत वर्षानुवर्षे मते मोजत बसलेल्या माणसांची ओळख मात्र फारशी कुणी करून दिलेली नाही. ते कामही तेवढ्याच मोलाचे होते.

आघाडीचे मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडते. रेल्वेच्या शयनयानांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांच्या युनियनचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कृष्णवर्णीयांना रोजगार नाकारला जात होता, हे त्याचे कारण. मोर्चा निघण्याआधीच, २५ जून १९४१ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढून त्या भेदभावाला मनाई केली आणि देखरेखीसाठी समिती नेमली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ती समितीही गुंडाळली गेली. आदेशाने दिलेले आदेशाने जाते. टिकायचे तर कायदाच हवा, हा धडा त्यातून मिळाला. समिती कायमची व्हावी म्हणून चाललेल्या खटपटीतूनच जानेवारी १९५० मध्ये वॉशिंग्टनला चार हजारांहून अधिक प्रतिनिधींचा मेळावा भरला आणि आघाडी जन्माला आली. रँडॉल्फ, 'एनएएसीपी' या सर्वांत जुन्या व मोठ्या संघटनेचे रॉय विल्किन्स आणि ज्यू संघटनांच्या समन्वयाचे काम करणारे अर्नोल्ड अ‍ॅरन्सन हे तिचे तिघे संस्थापक. विल्किन्स अध्यक्ष झाले, अ‍ॅरन्सन सचिव. कम्युनिस्टविरोधी मॅकार्थी पर्वाच्या त्या तोंडावर कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय असलेल्या संघटनांना मेळाव्यापासून दूर ठेवण्यात आले. हे वगळणे अनेकांना अन्यायाचे वाटले आणि त्यांचा राग गैर नव्हता. पण आघाडीला सिनेटच्या दारात उभे राहायचे होते आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीत द्यायचे नव्हते.

कामाची रीत साधी होती. कामगार युनियन, ज्यू संस्था, कृष्णवर्णीयांच्या संघटना आणि पुढे ख्रिस्ती धर्मसंस्था, महिला संघटना अशा सगळ्यांचे एकमत होईल तेवढ्याच मुद्द्यांवर आघाडी बोले. मतभेदाच्या विषयावर ज्याने त्याने आपापली भूमिका मांडावी. आघाडीच्या नावावर ती खपवू नये. अशी बंधने घातली की भूमिका गुळमुळीत होण्याचा धोका असतो. तो टळला तो दोन माणसांमुळे. एनएएसीपीच्या वॉशिंग्टन कार्यालयाचे प्रमुख क्लॅरेन्स मिचेल आणि आघाडीचे वकील जोसेफ राऊ यांना मसुद्यातले प्रत्येक कलम तोंडपाठ असे आणि कोणत्या कलमावर हटायचे नाही हेही त्यांना पक्के ठाऊक असे.

मिचेल बाल्टिमोरचे. तरुणपणी ते तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात वार्ताहर होते आणि १९३३ मध्ये मेरीलँडमध्ये जमावाने एका कृष्णवर्णीयाला ठार मारले तेव्हा वृत्तांकनासाठी तिथे गेले होते. पुढे वॉशिंग्टनमध्ये काम करू लागले तरी राहायला बाल्टिमोरलाच होते. रोज रेल्वेने ये-जा करीत. सदस्य कितीही कडवा विरोधक असो, मिचेल त्याच्याशी अदबीने बोलत आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याकडे जात. सिनेटमध्ये सदस्य शंभर, म्हणून मिचेल यांना लोक 'एकशे एकावा सिनेटर' म्हणू लागले.

आघाडीच्या सगळ्या आखणीच्या मुळाशी सिनेटचा बाविसावा नियम होता. सिनेटमध्ये सदस्याला हवा तितका वेळ बोलता येते. दक्षिणेकडील सिनेटर पाळीपाळीने भाषणे करून विधेयक मतदानालाच येऊ देत नसत. याला फिलिबस्टर म्हणतात. चर्चा थांबवायची तर दोन-तृतीयांश मते लागत आणि १९४९ नंतर तर हजर सदस्यांच्या नव्हे, एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश. देशातल्या बहुसंख्य लोकांना एखादा कायदा हवा असला तरी दक्षिणेचे मूठभर सिनेटर तो अडवू शकत. म्हणून आघाडीने पहिली लढाई छेडली ती या नियमाविरुद्ध. नव्या संसदेच्या पहिल्याच दिवशी, जुने नियम लागू होण्याआधी, नवे नियम करण्याचा ठराव आणायचा ही तिची युक्ती. १९५३ मध्ये हा ठराव ७० विरुद्ध २१ मतांनी बाजूला सारला गेला. १९५७ मध्ये पुन्हा आणला, तेव्हा आकडे होते ५५ विरुद्ध ३८. हार दोन्ही वेळा झाली, पण चार वर्षांत सतरा मते वाढली. १९५९ मध्ये नियम थोडा सैल होऊन हजर व मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांशांवर आला.

१९५७ चा कायदा हा आघाडीपुढचा सर्वांत कठीण पेच होता. १८७५ नंतरचा हा पहिलाच नागरी हक्क कायदा, पण सिनेटमधून बाहेर पडेपर्यंत त्याचा कणा काढून घेतला गेला होता. अ‍ॅटर्नी जनरलला नागरी हक्कांच्या रक्षणासाठी स्वतःहून न्यायालयात जाण्याचा अधिकार देणारा तिसरा भाग वगळला गेला होता आणि ज्युरीची तरतूद घुसवण्यात आली होती. दक्षिणेत ज्युरी म्हणजे गोऱ्यांची ज्युरी, हे उघड गुपित होते. असा पांगळा कायदा घ्यायचा की झिडकारायचा? विल्किन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या बैठकीत दीर्घ आणि कडवट वाद झाला. अखेर घ्यायचा असे ठरले. त्या कायद्याने नागरी हक्क आयोग आणि न्याय खात्यात नागरी हक्कांचा स्वतंत्र विभाग दिला. पुढच्या दशकातले कितीतरी पुरावे याच दोन कार्यालयांच्या फायलींतून आले. निर्णय बरोबर होता, हे आज निःशंकपणे म्हणता येते. त्यातून एक पथ्यही निघाले : पुन्हा कधीही सिनेटमध्ये घासाघीस करून विधेयकाचे हृदय द्यायचे नाही.

१९६३ च्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅममधील निदर्शकांवर सोडलेले कुत्रे आणि पाण्याचे फवारे सगळ्या जगाने पाहिले आणि १९ जूनला राष्ट्राध्यक्ष केनेडींचे नागरी हक्क विधेयक संसदेत आले. रोजगारातील भेदभावाविरुद्धची ठोस तरतूद त्यात नव्हती. ती हवीच, असा आघाडीचा आग्रह होता आणि त्यात कामगार महासंघ एएफएल-सीआयओ तिच्याबरोबर होता. महासंघाच्याच अनेक स्थानिक युनियन वर्णभेद पाळत. तरीही अध्यक्ष जॉर्ज मीनी यांनी संसदेपुढे या तरतुदीची मागणी केली, कारण आपल्याच शाखांना वळण लावायला त्यांना कायद्याचा आधार हवा होता. याच उन्हाळ्यात आघाडीने वॉशिंग्टनमध्ये कार्यालय थाटले. कामगार चळवळीने पैसा आणि माणसे दिली. मार्विन कॅप्लन तिथले काम पाहू लागले. प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष इमॅन्युएल सेलर डेमोक्रॅट होते. पण किल्ली होती ओहायोचे रिपब्लिकन विल्यम मॅक्युलॉक यांच्याकडे. प्रतिनिधिगृहाने अंगावर घेतलेले जोखमीचे विधेयक सिनेटमध्ये विकले जाणार नाही, ही हमी मिळाल्यावरच ते पुढे आले.

प्रतिनिधिगृहातील मतदान ३१ जानेवारी ते १० फेब्रुवारी १९६४ या काळात झाले आणि आघाडीची खरी कारागिरी तिथे दिसते. दुरुस्त्यांवरचे मतदान 'टेलर' पद्धतीने होई. सदस्य मधल्या वाटेने चालत जात, मोजणारे डोकी मोजत, नावे कुठेच नोंदली जात नसत. मतदारसंघात एक बोलायचे आणि इथे दुसरेच करायचे, याला ही पद्धत फार सोयीची. आघाडीने प्रेक्षक सज्जात स्वयंसेवक बसवले. प्रत्येकाकडे ठरावीक चारपाच सदस्यांचे चेहरे दिले. सज्जात लिहायला बंदी, म्हणून कोण आले, कोण गायब झाले, कोण कुठल्या बाजूने चालत गेले हे सारे डोक्यात साठवायचे आणि बाहेर जाऊन सांगायचे. एका विरोधक सदस्याने चिडून त्यांना सज्जातली गिधाडे म्हटले. वस्त्रोद्योग कामगारांच्या युनियनमधील जेन ओग्रेडी यांनी सदस्यांच्या कार्यालयांच्या इमारतींत मजल्यामजल्यावर माणसे नेमली होती. मतदान जवळ आले की सज्जातून फोन येई आणि ही मंडळी दारे ठोठावून सभागृहात नसलेल्या सदस्यांना धाडून देत. 'ओग्रेडीचे छापामार' हे नाव त्यांना यावरून पडले. विधेयक दुबळे करणारी एकही मोठी दुरुस्ती टिकली नाही. १० फेब्रुवारीला २९० विरुद्ध १३० मतांनी ते संमत झाले. मिचेल आणि राऊ सभागृहाबाहेरही पडले नव्हते, तोच केनेडींच्या जागी आलेले राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा त्यांना फोन आला : आता सिनेटचे काय?

सिनेटचे गणित असे. शंभर जण हजर राहिले तर चर्चा थांबवायला ६७ मते. डेमोक्रॅट ६७ खरे, पण त्यांतले वीसेक दक्षिणेचे. म्हणजे रिपब्लिकनांची दोन डझन मते आणणे भाग होते आणि त्यांतली कितीतरी आयोवा, नेब्रास्का, साउथ डाकोटा अशा राज्यांतली. तिथे कृष्णवर्णीय मतदार नगण्य, युनियनही दुबळ्या. मोर्च्याचा किंवा कामगार मतांचा धाक त्या सिनेटरांना वाटण्याचे कारण नव्हते. त्यांच्या ओळखीचा, त्यांच्या गावचा पाद्री मात्र त्यांना टाळता येत नव्हता. इथे धर्मसंस्था कामी आल्या. नॅशनल काउन्सिल ऑफ चर्चेस आणि तिच्या सहकारी संस्थांनी मध्य-पश्चिमेतील गावोगावच्या धर्मगुरूंना वॉशिंग्टनला पाठवले, पत्रे लिहायला लावली. १९ एप्रिलपासून प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू धर्मशिक्षणाचे विद्यार्थी लिंकन स्मारकापाशी रात्रंदिवस पाळीने उभे राहिले. विधेयक संमत होईपर्यंत तो पहारा हलला नाही. कोणाचा शब्द कोणाच्या कानी लागतो हे नेमके हेरण्यात आघाडीचे खरे कौशल्य होते.

सिनेटच्या सभागृहात डेमोक्रॅट सिनेटर ह्युबर्ट हम्फ्री सूत्रे हलवत होते. मिचेल आणि राऊ त्यांच्या सकाळच्या बैठकांना जात. विरोधक वारंवार गणसंख्या मोजण्याची मागणी करीत आणि ५१ सदस्य हजर नसले की दिवस वाया जाई. ४ एप्रिलच्या शनिवारी तसे घडलेच. त्यानंतर हजेरीच्या पाळ्या कसोशीने पाळल्या जाऊ लागल्या. रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांच्याशी झालेल्या वाटाघाटींत अंमलबजावणीची भाषा काहीशी सैल झाली. मिचेल आणि राऊ अस्वस्थ होते, पण सार्वजनिक ठिकाणी समान वागणूक आणि रोजगारातील समानता ही दोन्ही कलमे शाबूत राहिली. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबवली गेली. नागरी हक्कांच्या विधेयकावर असे प्रथमच घडत होते. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांची वाचा मेंदूतील गाठीमुळे गेली होती. त्यांना सभागृहात आणले, तेव्हा त्यांनी डोळ्याकडे बोट दाखवून होकार नोंदवला. २ जुलैला कायदा झाला.

पुढच्या वर्षी सेल्मातील मोर्च्यांनंतर मतदान हक्क कायदा तुलनेने वेगाने झाला. १९६८ चा घरांविषयीचा कायदा मात्र मिचेल यांच्या चिकाटीची कसोटी ठरला. मर्यादित विधेयकावर समाधान मानावे, असे बहुतेकांचे मत होते. मिचेल घरविक्री व भाड्यातील भेदभावाच्या बंदीवर अडून बसले. चर्चा थांबवण्याचा प्रस्ताव आधी ५५-३७, मग ५६-३६, मग ५९-३५ असा तीनदा पडला आणि ४ मार्चला ६५-३२ ने संमत झाला. किंग यांच्या हत्येने तो कायदा झाला असे सर्रास सांगितले जाते. प्रतिनिधिगृहातील शेवटची अडचण त्या धक्क्याने दूर झाली हे खरे, पण सिनेटची लढाई हत्येच्या महिनाभर आधीच जिंकली होती.

या लाटेचा एक लाभ मराठी घरांपर्यंतही पोचला. राष्ट्रीयत्वावर आधारलेले स्थलांतराचे कोटे रद्द करणारा ऑक्टोबर १९६५ चा कायदा मतदान हक्क कायदा करणाऱ्या संसदेचाच आणि त्याचे एक प्रणेते तेच इमॅन्युएल सेलर. न्यू जर्सी किंवा शिकागोत स्थिरावलेल्या मराठी इंजिनियर-डॉक्टरांच्या पहिल्या मोठ्या पिढीला या कायद्यानेच वाट मोकळी झाली.

सत्तरच्या दशकापासून आघाडीच्या आतच ताण वाढले. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्याची मुदत वाढवताना स्पॅनिश भाषक, आशियाई व मूळनिवासी समूहांना त्यात आणायचे होते. नव्या ओझ्याने जुने कलम बुडेल अशी भीती काही जुन्या नेत्यांना वाटत होती. शेवटी समावेश झाला आणि आघाडी मोठी झाली. १९७८ च्या 'बाकी' नावाच्या खटल्यात राखीव जागांच्या प्रश्नावर काही ज्यू संघटना आणि कृष्णवर्णीय संघटना थेट समोरासमोर आल्या. फूट पडली नाही, कारण एकमत नसलेल्या विषयावर आघाडीने न बोलण्याचा जुना नियम होता. मिचेल त्याच वर्षी निवृत्त झाले.

१९८१ मध्ये राल्फ नीस या रिपब्लिकन माणसाकडे कार्यकारी संचालकपद आले. आधीच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अलाबामातील मोबाइल शहराच्या खटल्यात, मतदानातील भेदभाव सिद्ध करायला हेतूही सिद्ध केला पाहिजे, असे म्हटले होते. आघाडीने साक्षीदार दक्षिणेतल्या गावांतून आणले. मॉन्टगोमेरीतील सुनावणीत स्थानिकांचे अनुभव ऐकून हेन्री हाइड यांच्यासारख्या पुराणमतवादी सदस्याचे मत पालटले. परिणाम भेदभावाचा असला तर पुरे, अशी दुरुस्ती करणारे विधेयक १९८२ मध्ये सिनेटने ८५ विरुद्ध ८ मतांनी संमत केले. रेगन यांचे सरकार सुरुवातीला त्याच्या विरोधात असताना हे झाले. पाच वर्षांनी रॉबर्ट बोर्क यांची सर्वोच्च न्यायालयावरील नेमणूक ५८ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळली गेली, त्यातही आघाडीचा मोठा वाटा होता. त्या मोहिमेच्या जाहिरातबाजीने पुढच्या प्रत्येक नेमणुकीला निवडणूक प्रचाराचे रूप आले. ही किंमत लहान नव्हती.

२५ जून २०१३ रोजी शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कोणत्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यायची हे ठरवणारे सूत्र पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केले. १९६५ च्या कायद्याचा सर्वांत धारदार भाग त्यामुळे निष्प्रभ झाला. आघाडीत आज दोनशेहून अधिक संघटना आहेत आणि २०१० पासून तिच्या नावात मानवी हक्कही आले आहेत. मंजुरीचे ते सूत्र नव्याने घालणारे, नागरी हक्क नेते जॉन लुइस यांच्या नावाचे विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केले. चर्चा थांबवायला आता साठ मते पुरतात. सिनेटमध्ये तेवढीही मिळाली नाहीत.